घंटेखालची हाक

“चहाभात खाऊन जा ना, यासोजी-सान,” मी म्हणाले.

आमच्या क्योतोत हे ज्याला म्हटलं जातं त्याने उठून चालू लागायचं असतं. चहा उकळलेला नसतो आणि भात वाढायचा नसतो. पण यासोजी न्हावी जन्माने ओसाकाचा आणि कातडीने गेंड्याचा. “वाढा की मालकीणबाई, लोणचं जरा सढळ हाताने घाला,” म्हणत तो दुकानाच्या फळीवर आणखी ऐसपैस बसला. मला निमूट आत जाऊन भात काढावा लागला.

तो बसला होता माझ्या यजमानांसाठी. किहेई मागच्या अंगणात पिंपावर दगड रचत होते. उन्हाळ्यातली वांगी, जांभळा रंग सोडणारी शिसोची पानं, मीठ, वर लाकडी झाकण आणि झाकणावर नदीतले दगड. हे काम चालू असताना त्यांच्याशी बोललेलं त्यांना खपत नसे. खरं सांगायचं तर काम चालू नसतानाही फारसं खपत नसे.

“किहेई, ऐकतोयस ना?” यासोजी तिथूनच ओरडला. “तुझ्या तोकुजूरोचा पाय अडकलाय.”

दगड उचललेले हात हवेतच थांबले. “पाय?” किहेई म्हणाले.

मी वाडगा हातात घेऊन दारातच उभी राहिले. आमच्या यजमानांनी आपणहून प्रश्न विचारला, मग तो एका शब्दाचा का असेना, ही आमच्या घरात बातमी होती.

नवं गिऱ्हाईक आलं की त्यांना मुकं समजायचं. लग्न ठरलं तेव्हा माझ्या आईने मध्यस्थाला चक्क विचारलं होतं, “मुलगा बोलतो ना?” मध्यस्थ म्हणाला, “बोलतो, पण वाया घालवत नाही.” लग्नानंतर मला कळलं की ते माझ्या वाट्यालाही वाया घालवणार नव्हते. ‘हं’ म्हणजे हो, लांबवलेला ‘हंऽ’ म्हणजे नाही, आणि नुसतं मान खाली घालून बसणं म्हणजे तू म्हणशील तसं. एवढ्यावर आमचा संसार चालला, आणि बरा चालला.

पण आमच्या सेनबोन भागात त्यांची ख्याती निराळीच होती. पलीकडच्या गल्लीतल्या थिएटरात नाटक लागलं की सकाळी मासेवाला, धोबी, स्नानगृहाची मालकीण, सगळी मला थांबवून सांगायची, “काल तुमच्या यजमानांचा आवाज काय लागला हो!” पहिल्यांदा मला वाटलं, थट्टा करताहेत.

थट्टा नव्हती. आमच्याकडे थिएटरच्या सगळ्यांत वरच्या, सगळ्यांत मागच्या सज्ज्यात काही माणसं उभी असतात. रंगमंचावर नट ऐन जागेवर आला की ती त्याच्या घराण्याचं नाव पुकारतात. एकच शब्द असतो. आधी पडला तर नट दचकतो, उशिरा पडला तर फुकट जातो. जागेवर पडला की नटाच्या अंगात वारं शिरतं आणि पुढचं वाक्य त्या वाऱ्यावर येतं. इवासे तोकुजूरो हे असागिया घराण्याचे नट. त्यांच्यासाठी किहेईंनी ‘असागिया!’ असं पुकारलं की खालच्या महागड्या गाद्यांवरचे लोकही माना वळवून वर बघत, असं म्हणतात.

असं म्हणतात, कारण मी कधी ऐकलंच नव्हतं. नाटकाच्या वेळेलाच दुकानात गर्दी व्हायची, आणि वरच्या सज्ज्यात बायका नसायच्याच. एकदा मी हट्ट केला होता. तेव्हा किहेई बराच वेळ पायाच्या बोटांकडे बघत राहिले आणि म्हणाले, “तू असलीस तर लागणार नाही.” लग्नानंतरचं ते त्यांचं सगळ्यांत लांब वाक्य असावं. मी ते मनात जपून ठेवलं आणि पुन्हा विचारलं नाही.

यासोजीसुद्धा त्याच सज्ज्यातला. आवाज चांगला खणखणीत, पण हाक नेहमी आधी. नट मान वळवायच्या बेतात असतानाच हा ओरडून मोकळा. किहेई त्यावर एकच शब्द बोलत, “घाई.” यासोजी कान पकडायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

“पाय म्हणजे पायरीवरचा पाय रे,” यासोजी आता भात चिवडत सांगत होता. “‘दाईचा निवाडा’चा सिनेमा काढताहेत ना, तिकडे उझुमासात?”

ते सगळ्यांना ठाऊक होतं. गर्दीचे प्रसंग असले की स्टुडिओवाले यासोजीला बोलवायचे. विग बसवायच्या आधी माणसांच्या माना आणि कपाळं साफ करावी लागतात. तिथली खबर सगळ्यांत आधी त्याच्याकडे असे.

‘दाईचा निवाडा’ हे तोकुजूरो-सानचं नाटक. जुन्या काळातलं न्यायालय. अंगणात पांढरी खडी पसरलेली, तिच्यावर गुडघे टेकून आरोपी आणि वर ओसरीवर न्यायाधीश. एका म्हातारीने कबूल केलंय की धान्याचं कोठार तिने पेटवलं. पेटवलंय खरं तिच्या मुलाने. आणि न्यायाधीशाला पाहताक्षणी कळतं की ही आपली दाई आहे, हिच्याच दुधावर आपण वाढलो. तिलाही कळलेलं असतं. दोघांनीही ओळख दाखवायची नाही. ओळख दाखवली तर खटला त्याच्याकडून जाईल, नवा न्यायाधीश खोदत जाईल आणि मुलाच्या गळ्याला फास लागेल. तिला बेटावर हद्दपार करण्याचा निवाडा तो वाचतो, उठतो, एक पायरी उतरतो, खडीवर पाय ठेवतो आणि थांबतो. सगळं थिएटर थांबतं. तिथे ती हाक. मग तो मान वर करतो आणि सावकाश म्हणतो, “म्हातारीला उबदार कपडे द्या. बेटावर वारा फार असतो.”

मी नाटक पाहिलं नव्हतं तरी हे वाक्य ऐकून डोळे पुसणाऱ्या बायका मी दुकानात पाहिल्या होत्या.

“पायरी उतरतो, खडीवर पाय ठेवतो आणि तिथेच खांबासारखा उभा,” यासोजी म्हणाला. “कधी वाक्य भलतंच लवकर, कधी इतक्या उशिरा की समोरची दाई वर बघायला लागते, हा बुवा झोपला की काय. दिवसांमागून दिवस तेच चाललंय. कचेरीतले सूटवाले म्हणताहेत, म्हाताऱ्याला मानाने घरी पाठवा आणि सिनेमातला कोणीतरी तरुण घ्या.”

“हाक नाही,” किहेई म्हणाले.

“हाक कुठली? सिनेमा तो. सगळे श्वास धरून बसतात. दिग्दर्शक हिराओ म्हणून आहे, पोरगेलासा आहे पण माणूस बरा. मी त्याला म्हटलं, त्या पायाला हाकेची सवय आहे आणि हाक देणारा माझ्या गल्लीत लोणची घालतो. तर म्हणाला, उद्या घेऊन या.”

किहेईंनी हातातला दगड जागेवर ठेवला. मग विहिरीवर जाऊन कितीतरी वेळ हात धूत बसले. मी मागे जाऊन उभी राहिले.

“उद्या दुकान...” ते म्हणाले.

“उद्या दुकान बंद. मीही येतेय.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“अहो, तिथे हाक कुठे द्यायचीय? यासोजी काय म्हणाला ऐकलंत ना, सगळे श्वास धरून बसतात. आणि रिकाम्या हाताने जायचं का? लोणच्याचा डबा कोण उचलणार?”

ते मान खाली घालून उभे राहिले. म्हणजे तू म्हणशील तसं.

सकाळी ट्राममध्ये मी खिडकीशी आणि ते कडेला. मांडीवर डबा. उझुमासा यायच्या जरा आधी ते अचानक म्हणाले, “नाटक उद्या पुन्हा होतं. आज चुकलं तर उद्या. सिनेमा एकदाच होतो, त्सुने. त्यात ती जागा नसली तर मग नाहीच.”

मी डबा घट्ट धरला. इतके शब्द एकदम ऐकून मला जरा भीतीच वाटली.

स्टुडिओत आत शिरलो तेव्हा गुदमरायला झालं. बाहेर क्योतोचा उन्हाळा आणि आत वर टांगलेल्या दिव्यांची भट्टी. बर्फाच्या लाद्या ठेवल्या होत्या, त्या पाण्यात उभ्या होत्या. मधोमध ते न्यायालय. खडी खरीखुरी, नदीतून आणून धुतलेली. थिएटरात नुसतं पांढरं कापड पसरायचे म्हणे. दाई झालेली म्हातारी नटी त्या खडीवर गुडघे टेकून बसली होती, आणि कोणी पंखा घेऊन गेलं की पुटपुटायची, “निवाडा लवकर करा रे. माझे गुडघे कधीच बेटावर पोचलेत.”

तोकुजूरो-सान एका घडीच्या स्टुलावर बसले होते. न्यायाधीशाच्या झग्याखाली त्यांच्या गुडघ्यांना पट्ट्या बांधलेल्या दिसत होत्या. त्यांची आणि किहेईंची इतक्या वर्षांत कधी भेट झाली नव्हती. हाक देणाऱ्याने नटाला जाऊन भेटायचं नाही, अशी सज्ज्यातल्या माणसांची रीत. भेट झाली की ओळख होते, आणि ओळख झाली की हाक खुशामतीची होते.

किहेई कमरेत वाकून म्हणाले, “नागाता किहेई. लोणच्याचं दुकान आहे.” त्यांचा रोजचा आवाज पातळ, ताकासारखा.

“हो का? या, या,” तोकुजूरो-सान म्हणाले. सौजन्याने म्हणाले, पण ओळख नव्हती.

“सेन्सेई, हेच ते,” दिग्दर्शक हिराओ गुरुजींना सांगावं तसा अदबीने म्हणाला. “सज्ज्यातले.”

तोकुजूरो-सान स्टुलावरून उठले. पट्ट्या बांधलेल्या पायांवर उभं राहून त्यांनी किहेईंना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“तुम्ही?” ते म्हणाले. “मला वाटलं होतं, तुम्ही उंच असाल.”

“सज्जा उंच होता,” किहेई म्हणाले.

तोकुजूरो-सान इतके हसले की गालावरचा रंग भेगाळला आणि रंगवाली धावत आली. माझा नवरा विनोद करू शकतो हे मला त्या दिवशी, परक्या लोकांसमोर कळलं. मला जरा रागच आला.

हिराओने सगळं समजावून सांगितलं. आवाज तर काढायचा नाही, कारण चित्र आणि आवाज एकदमच टिपले जातात. किहेईंनी दिव्यांच्या शिडीवर वर उभं राहायचं, आणि जागा आली की हातातला पांढरा रुमाल खाली सोडायचा. सेन्सेईंनी रुमाल पडताना पाहिला की मान वर करायची. ऐकायला सोपं होतं. मी शिडीच्या पायथ्याशी डबा घेऊन उभी राहिले. मला कोणी हटकलं नाही, बहुधा रुमालवाल्याची बायको हेही काहीतरी कामच असेल असं त्यांना वाटलं.

रुमाल पडला. तोकुजूरो-सानची मान वर झाली आणि वाक्यही आलं. पण हिराओ डोकं खाजवत पुढे आला. “सेन्सेई, माफ करा. डोळे रुमालाकडे गेले. फलाटावर गाडीची वाट बघतात ना, तसे.”

पुन्हा केलं. या वेळी दिव्याच्या झगझगाटात त्यांना रुमाल दिसलाच नाही. पुन्हा. पुन्हा. किहेईंचा रुमाल दर वेळी जागेवर पडत होता, हे मला खालून त्यांच्या पाठीवरून कळत होतं. पण रुमालाला आवाज नव्हता, आणि त्या पायाला डोळे नव्हते.

“मी काय करू, हिराओ-सान?” तोकुजूरो-सान पायरीवर बसत म्हणाले. “मला अक्कल आहे हो, हा काही थिएटरचा रंगमंच नाही हे कळतं मला. या पायाला कळत नाही. हा ऐकून उचलतो.”

कोपऱ्यातल्या सूटवाल्याने खाकरून घड्याळाकडे पाहिलं. हिराओ त्याच्याकडे गेला, दोघं काहीतरी बोलले, आणि परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

“सेन्सेई, आज एकदाच आणखी घेऊ. नाही जमलं तर तो थांबाच काढून टाकू. पायरी उतरता उतरता वाक्य म्हणा आणि पुढे चला. वाक्य सुंदर आहे, ते राहील.”

“बरं,” तोकुजूरो-सान म्हणाले. भांडण करायची ताकद त्यांच्यात राहिली नव्हती.

मी वर पाहिलं. किहेईंचा चेहरा पिंपातल्या पाण्यासारखा गढूळ झाला होता. “तुम्ही आता उतरा, नागाता-सान, दमलात,” कोणीतरी म्हणालं. ते उतरले नाहीत. रुमाल त्यांनी खिशात घातला आणि शिडीचा दांडा धरून उभे राहिले. कोणाला ते काही दिसलं नाही, कारण तोवर पंखे बंद करा, दारं लावा अशी धांदल उडाली होती.

शांत झालं. बर्फ ठिबकत होता तेवढाच. तोकुजूरो-साननी निवाडा वाचला, उठले, एक पायरी उतरले आणि खडीवर पाय ठेवला. खडी करकरली. थिएटरातल्या कापडाने असा आवाज कधी केला नसणार. ते थांबले. म्हातारी दाई खाली बघत बसली होती. मी मनात म्हटलं, आता ते चुकणार, आता बिचारे चुकणार.

आणि माझ्या डोक्यावरून हाक गेली.

“असागियाऽ!”

मी इतकी वर्षं समजत होते, ती आरोळी असेल. बाजारातल्यासारखी, छाती फोडून. तशी ती नव्हतीच. मोठी होती, पण तिच्यात जोर कुठेच दिसत नव्हता. सांजेला आपल्याच माणसाला घरी बोलवावं तशी ती होती, जो ऐकेल आणि येईल याची खात्री असल्यासारखी. हा माणूस माझ्या शेजारी झोपतो, माझ्या हातचं जेवतो, आणि हे त्याच्या गळ्यात होतं.

तोकुजूरो-साननी मान वर केली. सावकाश, वर डावीकडे, शिडीकडे. त्या डोळ्यांत काय आलं ते मला सांगता येणार नाही. आपल्याला कोणीतरी ओळखलं, आणि आपण मात्र समोरच्या बाईला ओळख दाखवायची नाही, असं काहीतरी. “म्हातारीला उबदार कपडे द्या,” ते म्हणाले. “बेटावर वारा फार असतो.” खाली मान घालून बसलेल्या त्या नटीच्या खांद्यांनी एक हुंदका गिळला, आणि तो नाटकातला नव्हता.

कोणी हललं नाही. मग आवाज टिपणारा माणूस कानावरचं यंत्र फेकून ओरडला, “कोण ओरडलं? कोणी वाट लावली?”

किहेई शिडीवरून उतरले. “चूक झाली,” ते म्हणाले. त्यांचा तोच पातळ आवाज. “पाय वाजला आणि... चूक झाली.” ते सगळ्यांसमोर वाकले आणि वाकलेलेच राहिले.

“पुन्हा घेऊ,” सूटवाला म्हणाला.

“पुन्हा नाही,” तोकुजूरो-सान म्हणाले. ते खडीवरच बसले होते. “आता जे झालं ते मला पुन्हा करता येणार नाही. हिराओ-सान, हवं तर थांबा काढून टाका. मी घरी जातो.”

हिराओ म्हणाला, “हाच घ्यायचा. चित्र हेच. आवाजाचं मी बघतो.” मग किहेईंपाशी येऊन, आपणच काहीतरी चोरल्यासारखा, हळू बोलला, “नागाता-सान, तुमची हाक ठेवता येणार नाही. न्यायालयात कोण हाक देणार? ती झाकावी लागेल. चालेल?”

“हं,” किहेई म्हणाले.

निघताना तोकुजूरो-सान पट्ट्यांच्या पायांनी दारापर्यंत आले. माझ्या हातातला डबा त्यांनी स्वतः घेतला, आणि झाकण उघडून वांग्याची फोड तिथेच तोंडात टाकली. दोघं एकमेकांना वाकले.

परतीच्या ट्राममध्ये मी भांडायच्या तयारीत होते. “मला फसवलंत तुम्ही,” मी म्हणाले. “इतकी वर्षं गावाला ऐकवलंत आणि बायकोला नाही.”

ते खिडकीबाहेर बघत होते. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. जरा वेळाने, माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, “कसा होता?”

मला खूप काही सांगायचं होतं. पण त्यांच्याशी इतकी वर्षं राहून माझेही शब्द आखडले होते. मी म्हणाले, “मीठ बरोबर होतं.”

त्यांनी मान हलवली. घर येईपर्यंत ते ओठांतल्या ओठांत हसत होते, आणि मी ते न बघितल्यासारखं करत होते.

पानं लाल व्हायच्या दिवसांत सिनेमा लागला. सगळी गल्ली लोटली. न्यायाधीश उतरला, खडी करकरली, तो थांबला, आणि लांबच्या देवळातली घंटा वाजली. भली थोरली, घुमणारी घंटा. तिच्या नादात त्याने मान वर केली. लोकांनी हुंदके दिले. वर्तमानपत्रांत घंटेवर रकाने भरून आले, काय तो नाद, काय ते टायमिंग.

मला संताप आला होता. जन्मात एकदा ऐकलेला तो आवाज, आणि त्यावर यांनी पिंपावर दगड ठेवावा तशी घंटा ठेवून दिली. यासोजी तर चित्रपटगृहाबाहेर रागाने अक्षरशः नाचत होता. “खाल्ला! तुझा आवाज त्या घंटेने खाल्ला रे!”

“जागेवर आहे,” किहेई म्हणाले.

“काय जागेवर आहे?”

“घंटा.” आणि ते घराकडे चालू लागले. दुसऱ्या दिवशी सलगमांची पहिली गाडी यायची होती.

तोकुजूरो-सान पुन्हा रंगमंचावर उभे राहिले नाहीत. गुडघ्यांनी दगा दिला आणि पुढच्या वसंतात ते गेले. मग दुसऱ्या घराण्यांचे लोक किहेईंकडे यायचे, आमच्या नटाला हाक द्या म्हणून. किहेई लांबवलेला ‘हंऽ’ म्हणायचे, आणि मी त्या लोकांना चहाभाताचं विचारायचे. ते क्योतोचे असत, लगेच उठत. थिएटर पाडून तिथे मोटारी ठेवायची जागा झाली. किहेई एका हिवाळ्यात गेले, शांतपणे, सलगमाचं पिंप लावून झाल्यावर. त्यांच्या अखेरच्या आजारपणात मी एकदा म्हणाले होते, “एकदा हळूच म्हणा ना, माझ्यापुरतं.” ते म्हणाले, “पाय वाजायला हवा.” मी रात्रभर चिडून होते. अजूनही आठवलं की चिडते, आणि मग रडते.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या वॉर्डाच्या सभागृहात जुने सिनेमे दाखवले. यासोजी काठी टेकत मला घ्यायला आला. आता त्याला एका कानाने ऐकू येत नाही आणि न्हाव्याच्या डोक्यावर केस उरलेले नाहीत. खुर्च्या घडीच्या, पंखे कुरकुरणारे. एका तरतरीत मुलीने आधी माहिती सांगितली. या चित्रपटातली घंटा जरूर ऐका, असं तिने मुद्दाम बजावलं.

सिनेमा सुरू झाला तसा यासोजी पेंगायला लागला. मी दोनदा कोपराने ढोसलं. पडद्यावर ती खडी, ती म्हातारी नटी, ते तोकुजूरो-सान. सगळी गेलेली माणसं, आणि सगळी किती टवटवीत. निवाडा वाचून झाला. ते उठले. पायरी उतरले. मी घंटेसाठी जीव मुठीत धरून बसले, कारण मला तिच्या आतलं ऐकायचं होतं. दर वेळी मी कान देते, आणि दर वेळी नुसती घंटाच असते.

खडी करकरली. शांतता पसरली.

“असागियाऽ!”

माझ्या शेजारून. फाटका, थरथरता, म्हातारा आवाज, पण सगळ्या सभागृहाने ऐकला. पुढच्या रांगेतल्या माना गर्रकन वळल्या. आणि मग, मागाहून, घंटा वाजली. तोकुजूरो-साननी मान वर केली, सावकाश, आणि हाक ऐकलेल्या डोळ्यांनी वर डावीकडे पाहिलं.

“म्हातारीला उबदार कपडे द्या. बेटावर वारा फार असतो.”

मला समोरचं काही दिसेना. मी किमोनोच्या बाहीने डोळे पुसले. मग यासोजीच्या चांगल्या कानाशी वाकले.

“घाई,” मी म्हणाले.

“मुद्दाम,” यासोजी म्हणाला. “जागेवर दिली असती तर त्या घंटेखाली कोणाला ऐकू गेली असती?”

बाहेर आलो तेव्हा अजून उजेड होता. मी त्याचं कोपर धरलं होतं, त्याने माझं, कोण कोणाला सावरत होतं कोण जाणे. आमच्या दुकानाच्या दाराशी मी म्हणाले, “चहाभात खाऊन जा ना, यासोजी-सान.”

तो काठीवर वाकला, क्योतोच्या जुन्या घराण्यातल्या माणसासारखा. “उशीर झाला, मालकीणबाई. निघतो आता.”

“अहो, खरंच म्हणतेय,” मी म्हणाले. “भात टाकते.”